शिकवलेला कुत्रा घर ओले का करतो?

बंगळूरच्या बसवनगुडी, मल्लेश्वरम यांसारख्या जुन्या वस्त्यांत एके काळी घराभोवती आवार असे, आवारात नारळा-आंब्याची दोन-चार झाडे असत आणि घरचा कुत्रा त्या आवारातच राहत असे. त्याने लघवी कोठे करावी हा प्रश्न घरात कधी निघत नसे. दार उघडे असे आणि माती चार पावलांवर असे. आज त्याच शहरातील असंख्य कुटुंबे बहुमजली इमारतींत राहतात. कुत्रा सातव्या मजल्यावरील गुळगुळीत फरशीवर झोपतो. घरातील कोणी त्याला साखळी लावून लिफ्टने खाली नेईल तेव्हाच, म्हणजे दिवसातून दोन किंवा तीन वेळा, त्याचे पाय मातीला लागतात. पुण्या-मुंबईची स्थितीही याहून वेगळी नाही. अशा घरात कुत्र्याने मलमूत्राचा वेग आवरून धरणे ही माणसाबरोबर राहण्याची पहिली अट होऊन बसते, आणि जी अट तो चार-पाच वर्षे बिनतक्रार पाळतो ती एके दिवशी अचानक मोडली, की घरात मोठा गहजब होतो.

मराठीत अशा कुत्र्याला नेमका एक शब्द नाही. ‘राखणीचा’, ‘शिकारी’, ‘पाळीव’, ‘इमानी’ असे शब्द आपल्याजवळ आहेत. पण ‘घरात घाण न करण्याची सवय लागलेला’ एवढे सांगावयाचे, तर पाच-सहा शब्द खर्ची घालावे लागतात. याचे कारण आपल्या वाड्यांच्या रचनेत शोधावे. जो कुत्रा ओसरीच्या आत पाऊल टाकीत नव्हता, त्याला ही सवय लावण्याचे प्रयोजनच कोणाला पडले नाही. प्रस्तुत लेखापुरते आपण त्याला ‘शिकवलेला कुत्रा’ असे म्हणू.

ही शिकवण म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. कुत्र्याचे पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले, की आपल्या झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. ही प्रवृत्ती उपजत आहे, ती माणसाने दिलेली नव्हे. माणूस एवढेच करतो, की ‘झोपण्याची जागा’ या कल्पनेचा विस्तार करून तिच्यात संपूर्ण घर समाविष्ट करतो. पुढे पिल्लाच्या पायांखाली ज्या प्रकारची जमीन वारंवार येते, गवत असो, माती असो वा सिमेंट असो, त्या स्पर्शाशी ही क्रिया जोडली जाते. बैठ्या घरातून बहुमजली इमारतीत आलेला कुत्रा गवत मिळेपर्यंत अडून बसतो, त्याचे रहस्य हेच. म्हणजे या सवयीला दोन अंगे आहेत. कोठे जावयाचे हे कुत्र्याच्या मनाला ठाऊक असले पाहिजे, आणि तेथे जाईपर्यंत मूत्राशयाने दम धरला पाहिजे. घरातील माणसे दोष देतात तो सर्वस्वी पहिल्या अंगाला. कुत्रा ‘बिघडला’, ‘मुद्दाम करतो’, ‘सूड घेतो’, अशी भाषा ऐकू येते. परंतु अनेक वर्षे पक्की असलेली सवय विनाकारण एका रात्रीत पुसली जात नाही. म्हणून पहिला संशय शरीराचा घ्यावा, आणि तो फिटल्यावरच मनाकडे वळावे. असा संशय योग्य वेळी घेतल्यामुळे वैद्यकशास्त्राला केवढा लाभ झाला, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यासाठी बंगळूर क्षणभर सोडून युरोपात जावे लागेल.

सन १८८९. स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठात ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोन शास्त्रज्ञांत चरबीच्या पचनाविषयी चर्चा चालली होती. स्वादुपिंड काढून टाकल्यावर प्राणी जगतो काय, हा प्रश्न त्यातून निघाला आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून ते इंद्रिय काढून घेतले. मेरिंग यांना त्यानंतर लवकरच परगावी जावे लागले. योग्य पिंजरा रिकामा नसल्याने कुत्रा प्रयोगशाळेतच बांधून ठेवला होता. हा कुत्रा शिकवलेला होता. तरीही तो प्रयोगशाळेच्या जमिनीवर पुनःपुन्हा लघवी करू लागला. मिंकोव्स्की यांनी नोकराला बोल लावला, की तू त्याला पुरेसे बाहेर नेत नाहीस. नोकराचे उत्तर मिंकोव्स्की यांनीच पुढे आठवणीत नमूद करून ठेवले आहे. बाहेर तर मी नेतोच, परंतु हे जनावर विलक्षण आहे, बाहेर लघवी करून आत आले की लगेच पुन्हा करते, अशा आशयाचे ते होते.

येथे दुसरा एखादा मनुष्य नोकरावर किंवा कुत्र्यावर आणखी रागावला असता. मिंकोव्स्की यांनी ती लघवी शोषून घेऊन तपासली. तीत सुमारे १२ टक्के साखर निघाली. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध अशा रीतीने उघडकीस आला. त्या लघवीवर माश्या घोंगावू लागल्यामुळे शोध लागला अशी एक रंजक कथा पुस्तकांतून सांगितली जाते. ती स्वतः मिंकोव्स्की यांनी अमान्य केली होती. या धाग्यावरूनच पुढे १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन वेगळे करण्यात यश मिळविले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. आपल्याकडील वैद्यांनाही मूत्रातील गोडवा परका नव्हता. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वचिन्हांमध्ये रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या-माश्या धाव घेतात याचा निर्देश आहे, आणि ‘मधुमेह’ हे नावच त्या निरीक्षणाची साक्ष देते.

स्ट्रासबुर्गच्या त्या कुत्र्याने नियम मोडला नव्हता. त्याचे मूत्राशय भरण्याचा वेग एवढा वाढला होता, की नियम पाळणे त्याला शक्य राहिले नव्हते. रक्तातील साखर एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे ती मूत्रपिंडांतून मूत्रात उतरते आणि उतरताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. पाणी गेले म्हणून तहान लागते, आणि तहान लागली म्हणून कुत्रा अधिक पाणी पितो. घरातील माणसांना मात्र हे चक्र उलटे दिसते. ‘हा फार पाणी पितो म्हणून घर ओले करतो’, असे ते म्हणतात आणि पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. या चुकीएवढी घातक चूक या सर्व प्रकरणात दुसरी नाही. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला पाणी तोडले तर फरशी एखादे वेळी कोरडी राहील, परंतु कुत्रा शुष्क होऊन दोन दिवसांत मरणाच्या दारी पोहोचू शकेल. भांडे भरलेलेच ठेवावे.

मूत्रपिंडाची गोष्ट तर अधिकच बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. निरोगी मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व पाणी परत शोषून घेऊन थोडेसे घट्ट मूत्र बाहेर टाकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते, ते ‘पाणी राखा’ असा निरोप मूत्रपिंडांना पोहोचविते. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारणतः ४०० ते ८०० मिलिलीटर मूत्र होते. मूत्रपिंडे म्हातारपणाने वा रोगाने झिजू लागली, की त्यांची पहिली जाते ती हीच पाणी राखण्याची शक्ती. सुमारे दोन-तृतीयांश कार्यकारी भाग निकामी झाला म्हणजे मूत्र पातळ होऊ लागते. आणि रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्यांचे प्रमाण नेहमीच्या तपासणीत वाढलेले दिसते, ते सुमारे तीन-चतुर्थांश भाग गेल्यावर. म्हणजे रक्ताचा अहवाल निर्दोष असतानाही फरशीवरचे पातळ, जवळजवळ रंगहीन ओघळ काही सांगत असू शकतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत घरमालकाच्या हाती रोगाचा पहिला पुरावा पुष्कळदा अशा ओंगळ रूपाने येतो, आणि तो फडक्याने पुसून टाकला जातो.

इतर शारीरिक कारणे थोडक्यात सांगतो. खाज किंवा सांधेदुखी यांसाठी प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या चालू असतील, तर तहान व लघवी दोन्ही वाढतात. असा कुत्रा गोळ्या सुरू झाल्यापासून घर ओले करू लागतो, आणि दोन गोष्टींचा मेळ कोणी घालीत नाही. गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असल्याने वैद्याला विचारूनच मात्रा बदलावी. थेंब थेंब, वारंवार आणि कळ देऊन होणारी लघवी मूत्राशयाचा दाह किंवा खडा सुचविते. निर्बीजीकरण झालेली मादी झोपेत अंथरूण भिजविते, तेव्हा तिला त्याची जाणीवही नसते. संप्रेरकांच्या अभावी मूत्रमार्गाचे तोंड सैल पडलेले असते आणि औषधाने बहुधा गुण येतो. परंतु निर्बीजीकरण न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोनेक महिन्यांत फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली व घरात लघवी करू लागली, तर क्षणाचाही विलंब लावू नये. गर्भाशयात पू साठण्याचा रोग असाच सुरू होतो. कित्येकदा पू बाहेर दिसतही नाही, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर मादी दगावते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबर महिन्यात, आणि ऑक्टोबरातही ओल हटत नाही. या दिवसांत निरोगी कुत्राही कधी कधी घरात लघवी करतो, कारण त्याला ओल्या, थंड जमिनीवर पाय ठेवणे नको असते. आखूड केसांच्या व अंगावर चरबी नसलेल्या जातींना हे विशेष जड जाते. आपला मुधोळचा कुत्रा त्यांपैकीच. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी या जातीची जोपासना केली. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणून ओळखतात, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत तिला स्थान मिळाले. उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेले हे जनावर इमारतीच्या व्हरांड्यात पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे असते, हे दृश्य करुण म्हणावे की विनोदी, ते ज्याने त्याने ठरवावे. अशा कुत्र्यासाठी छपराखालची एखादी कोरडी जागा शोधून दिली, तर बहुतेक काम होते.

पावसाचे दुसरे देणे मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने कसा कहर केला, हे महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल. बंगळूरच्या पूर्व भागातील वसाहतींतही सप्टेंबर २०२२ मध्ये पुराचे पाणी शिरले होते. अशा पाण्यातून चालणाऱ्या, त्यातले पाणी चाटणाऱ्या कुत्र्याला हे जंतू सहज गाठतात. ते त्याच्या यकृतात व मूत्रपिंडांत ठाण मांडतात. ताप, उलट्या, अन्नावरची वासना उडणे यांच्या जोडीला तहान व लघवी वाढते. हा कुत्रा घरात लघवी करतो तेव्हा ते जंतूही घरात आणतो, आणि माणसाच्या कातडीवरील जखमेतून, डोळ्यांतून वा तोंडातून ते आत शिरू शकतात. म्हणून पावसाळ्यात आजारी दिसणाऱ्या कुत्र्याची लघवी उघड्या हातांनी पुसू नये. रबरी हातमोजे घालावेत, जागा जंतुनाशकाने धुवावी, आणि लहान मुलांना दूर ठेवावे. कुत्र्यांसाठी या रोगाची लस उपलब्ध आहे व ती दरवर्षी द्यावी लागते.

शरीर निर्दोष ठरले, तर मग मनाकडे वळावे. नर कुत्रा भिंतीच्या कोपऱ्यावर, दाराच्या चौकटीवर थोडी थोडी लघवी शिंपडतो, त्यात मूत्राशय रिकामे करण्याचा हेतू नसतो. नवा कुत्रा, नवे बाळ, नवे सामान घरात आले, की जुना कुत्रा आपल्या गंधाची मोहोर उमटवितो. दिवाळीतील फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा बाहेर नेल्यावर अंगाचा संकोच करून उभा राहतो, आणि घराच्या आडोशाला परत आल्यावर त्याचा वेग सुटतो. दिवसभर घर बंद करून माणसे कामावर जातात. अशा एकाकी कुत्र्यांपैकी काहींना मालक बाहेर पडताच भीतीचा झटका येतो. बंगळूरच्या रहदारीत घरी परतायला किती वेळ लागतो, हे तेथील नोकरदारांना सांगावयास नको. दहा-अकरा तास वेग धरून ठेवण्यास सांगणे हे निरोगी जनावरावरही ओझेच आहे.

वार्धक्याचा विचार वेगळा करावयास हवा. माणसाप्रमाणे कुत्र्याचाही मेंदू वयाने झिजतो. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेले एक संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा झिजेचे निदान एक तरी लक्षण आढळले. दिशा न समजणे, ओळखीच्या माणसांशी वागणे बदलणे, रात्री जागून फेऱ्या घालणे आणि घर घाण करणे ही ती लक्षणे होत. असा कुत्रा बिजागरीच्या चुकीच्या बाजूला, दार उघडेल या आशेने उभा राहिलेला दिसतो. त्याला काय शिकवले होते तेच तो विसरला आहे. दुसरा एखादा म्हातारा काहीच विसरलेला नसतो. त्याचे गुडघे व कंबर दुखत असते, आणि गुळगुळीत फरशीवरून उठून दारापर्यंत पोहोचणे त्याला वेळेत साधत नाही. त्याच्या वाटेवर तरट किंवा सतरंजी अंथरली तर पायांना पकड मिळते.

या सर्व प्रकारांत आपल्याकडे सरसकट योजला जाणारा उपाय एकच: कुत्र्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासणे आणि वर दोन रट्टे देणे. ‘त्याला कळते हो, चेहरा पाहा ना कसा चोरासारखा करतो!’ असे समर्थनही तयार असते. हा चोरटा चेहरा अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी न्यूयॉर्क येथे तपासून पाहिला. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. चौदा कुत्र्यांना खाऊ समोर ठेवून ‘खाऊ नको’ अशी आज्ञा देऊन मालक बाहेर जाई. त्याच्या अपरोक्ष कधी कुत्रा खाऊ खाई, कधी खाऊ आधीच उचललेला असे. मालकाला मात्र खरे सांगितले जाईच असे नाही. आढळले ते असे, की कुत्र्याने अपराध केला होता की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा तसा होई, आणि ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांचा तो अधिक ठळक होई. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ते भय असते. तासापूर्वीच्या लघवीची शिक्षा आता मिळत आहे हा कार्यकारणभाव कुत्र्याला जुळविता येत नाही. माणूस जवळ असताना लघवी करणे धोक्याचे आहे, एवढेच तो शिकतो, आणि मग खाली नेल्यावर साखळीच्या टोकाशी उभा राहूनही करीत नाही व घरात पलंगाखाली जाऊन करतो. जो मुळातच भित्रा आहे, तो तर रागावण्याच्या नुसत्या सुरानेच जागच्या जागी लघवी करतो. अंग टाकून देऊन शरण जाण्याची ती कुत्र्यांची रीत आहे.

फिनेलने फरशी पुसल्यावर आपल्या नाकाला वास उरत नाही; कुत्र्याच्या नाकाला उरतो, आणि तो वास त्याला त्याच जागी परत बोलावतो. अमोनियायुक्त द्रव्ये तर टाळावीतच, कारण मूत्राचा वासही त्याच जातीचा असतो. मूत्रातील द्रव्यांचे विघटन करणारी, विकरे असलेली धुण्याची द्रव्ये बाजारात मिळतात, ती वापरावी.

या कारणावरून कुत्रा रस्त्यावर सोडून देणारी माणसेही असतात. सबळ कारणावाचून प्राण्याला अशा स्थितीत टाकून देणे, की तो उपासमारीने वा तहानेने हाल सोसील, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. आणि रोगी कुत्र्याला बाहेर काढून रोगाचे निदान होत नाही. बंगळूरला हेब्बाळ येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आणि लहान शहरांतूनही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात.

तेथे जाण्यापूर्वी घरातच एक मोजमाप करून ठेवावे. सकाळी भांड्यात मोजून पाणी घालावे, दिवसभरात घातलेल्या प्रत्येक पाण्याची नोंद ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी वजा करावे. घरात दुसरे जनावर असेल तर त्याचे भांडे वेगळे ठेवावे. किलोमागे १०० मिलिलीटरहून अधिक पाणी, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याने दिवसात दोन लिटरहून अधिक पाणी पिणे, निश्चितपणे अस्वाभाविक होय. लघवी किती वेळा, थोडी की पुष्कळ, झोपेत की जागेपणी, उभ्या भिंतीवर की सपाट जमिनीवर, हेही लिहून न्यावे. वैद्याचे अर्धे काम त्यातून होते. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना कुत्र्याला खाली नेताना स्वच्छ, कोरड्या पसरट भांड्यात धरावा व झाकणाच्या बाटलीत ओतावा. वैद्य त्याचा एक थेंब अपवर्तनमापकावर ठेवून विशिष्ट गुरुत्व पाहतो. ते १.०३० हून अधिक असेल तर मूत्रपिंडे पाणी राखण्याचे काम नीट करीत आहेत असे समजते, आणि १.०१० च्या आसपास घोटाळत असेल तर पुढील तपासणीची दिशा ठरते. साखरेसाठी रंग बदलणारी कागदी पट्टी पुरते. दवाखाना लांब असेल, तर बाटली नेईपर्यंत थंड जागी ठेवावी आणि तिच्यावर नमुना घेतल्याची वेळ लिहावी.